शेराबादच्या उन्हातले डोळे

ताश्कंदच्या त्या संस्थेत मुअत्तर आपाचा विषय निघाला की लोक एवढंच म्हणत, "तिचे थर गळत नाहीत." बाहेरच्या माणसाला यात काय मोठं, असं वाटेल. पण बेरियम टायटनेटचा थर, केसाहून शंभरपट पातळ, निर्वात भांड्यात तापलेल्या चकतीवर चढवायचा, त्याच्या वर-खाली प्लॅटिनमचे लेप द्यायचे आणि वीज जोडून बघायची, हा उद्योग ज्याने केलाय त्याला विचारा. चाळणीत पाणी ओतावं तशी वीज आरपार निघून जाते. महिनाभराची मेहनत वाया. मुअत्तरने या थरात मँगनीजची चिमूट केवढी घालायची आणि भट्टी उतरताना प्राणवायू किती वेळ सोडत राहायचा, हे बसवण्यात तारुण्य घालवलं होतं. लग्न राहून गेलं ते राहूनच गेलं. आई असेपर्यंत त्यावरून टोमणे मारत होती; आई गेल्यावर तेही थांबले.

असल्या थरांना फेरोइलेक्ट्रिक म्हणतात. बाहेरून काहीही जोडलेलं नसताना त्यांच्या आतले धन आणि ऋण भार एकमेकांपासून जरासे सरकून, एका दिशेला तोंड करून बसलेले असतात. समोर कुठे जाळ झाला की त्या उबेने ही मांडणी किंचित हलते आणि थराच्या दोन बाजूंना नखाएवढी वीज उमटते. घंटा वाजवायला आणि पाण्याचे फवारे उघडायला तेवढी पुरते.

या नखाएवढ्या विजेवर विभागप्रमुख अस्रोर तोलिपोविचने मोठा डाव मांडला होता. तो मुअत्तरचा कॉलेजातला सोबती. एका बाकावर बसून दोघं शिकलेली. चारचौघांत तो तिला अदबीने, वडिलांच्या नावासकट, 'मुअत्तर सोबिरोव्हना' म्हणायचा आणि दार लावलं की 'अगं'. त्याला माणसं हाताळता यायची, हिला थर. देशातल्या कापसाच्या जिनांना, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांना, दरवर्षी कुठे ना कुठे आग लागते. तिथे बसवायला आपल्याच देशात बनलेले 'आगीचे डोळे' मंत्रालयाला हवे होते. अस्रोरने ते काम खेचून आणलं. तसं झालं नसतं तर पातळ थरांच्या खोल्यांना कुलूप लागणार होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या हिवाळ्यात मुअत्तरने दोन प्रकारचे थर बनवले.

पहिला सिलिकॉनच्या चकतीवर. त्यात स्ट्रॉन्शियम भरपूर. स्ट्रॉन्शियम वाढवत नेलं की थर हळवा होत जातो; खोलीतल्या हवेला तर इतका हळवा, की तीस पावलांवर कोणी काडी ओढली तरी मीटरचा काटा उसळायचा. हळवेपणाचा असा आकडा आजूबाजूच्या कुठल्याच देशात कोणी काढलेला नव्हता. पण या हळवेपणाची किंमत होती. पंचेचाळीस अंशांच्या पुढे थर झोपायचा. आतली सगळी मांडणी विस्कटायची. आणि पुन्हा गार झाल्यावर ती आपोआप बसत नसे. अर्धे भार इकडे तोंड करून, अर्धे तिकडे. बाहेरून बघावं तर थर जसाच्या तसा. समोर होळी पेटवा, काटा हलायचा नाही.

दुसरा थर तिने मॅग्नेशियाच्या चकतीवर चढवला, स्ट्रॉन्शियम अगदी कमी. मॅग्नेशिया थंड होताना थरापेक्षा जास्त आकसतो आणि वर बसलेल्या थराला चहूबाजूंनी आवळतो. असा आवळलेला थर उन्हाला दाद देत नाही; शंभर अंशांपर्यंत जागचा हलत नाही. फक्त त्याचा आकडा पहिल्याच्या निम्म्याहून कमी होता.

"हा घ्यायचा," मुअत्तर अस्रोरला म्हणाली. "जिनाला एवढा आकडा पुष्कळ झाला."

"अगं, मी मंत्रालयात मोठा आकडा बोलून बसलोय. आता निम्मा घेऊन जाऊ? माझ्या शेजारच्या खुर्चीत परदेशी कंपनीचा माणूस बसतो, चकचकीत पेटी मांडीवर घेऊन. तो हसेल."

"हसू दे. उन्हाळ्यात तुझा थर झोपेल."

"कापूस येतो सप्टेंबरात. उन्हाळ्यात जिनात काय असतं? उंदीर. त्यांना झोपू दे की बरोबर."

निर्वात पंपाशी बसलेला गेन्नादी खेगाय खाली मान घालून हसला. हा ताश्कंदचाच कोरियन, यंत्रं सांभाळणारा. मुअत्तरबरोबर इतकी वर्षं काम केलेला की दोघांना बोलायची गरज उरली नव्हती.

"झोपलेला थर गार झाला म्हणून उठत नाही, अस्रोर. हे तुला मी सांगायला हवं?"

"पत्र्याखाली पंचेचाळीसच्या वर जातं हे तू बघितलंयस? नाही ना? मग जा, डोळे बसवून ये, थर्मामीटर घेऊन जा. बघ, आणि मला सांग. मी काय तुझा शत्रू आहे?"

तो शत्रू नव्हता, हीच तर अडचण होती.

जूनमध्ये ती दक्षिणेला शेराबादला गेली. तिथल्या जिनाचा इलेक्ट्रिशियन मलिक नावाचा होता; उंच, हसरा, कामाला वाघ. गावात हॉटेल होतं, पण मलिकने तिची बॅग उचलली ती थेट घरी नेली. घरात त्याचे वडील एशमुराद, ज्यांना सगळे बोवा, म्हणजे आजोबा, म्हणत, बायको ओयसारा आणि पाळण्यातली मुलगी. बोवा त्या जिनाच्या पहारेकऱ्यांचे मुकादम. हयात तिथेच गेलेली. पण डोळे बसणार म्हटल्यावर पहाऱ्याची माणसं कमी करायचा हुकूम आधीच निघाला होता, आणि बोवा आपल्या माणसांसकट घरी बसले होते.

ओयसाराने अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली चादर अंथरली, थंड दह्यात काकडी-कोथिंबीर घातलेला चालोप आणला, गरम रोट्या आणल्या. बोवांनी मुअत्तरने आणलेला एक डोळा हातात घेऊन उलटापालटा केला.

"लेकी, हा लघवीला जातो का?"

"बोवा!" मलिक ओरडला. "पाहुण्यांना काय विचारता!"

"का रे? कामाचं विचारतोय. मी तासाला जातो."

"नाही जात, बोवा," मुअत्तर हसत म्हणाली.

"चहा पितो?"

"नाही."

"डुलकी काढतो?"

तिचं हसू थोडं मावळलं. तेवढ्यात मलिकच म्हणाला, "डुलकी तुम्ही काढायचात. हा माणूस नाही. याच्यापुढे काडी ओढली तरी याला कळतं. आता तुम्ही काठी ठेवा आणि नात सांभाळा."

"काठी ठेवली तर जेवणाच्या सुट्टीत बायकांना कापसातून कोण उठवणार? गोदामात शिरतात, मऊ मऊ रुईत लोळतात, आणि घोरतात! तुझी ही बायको त्यांची पुढारी."

ओयसाराने डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने तोंड झाकलं. "आपा, मला सुद्धा सोडलं नाही हो यांनी. एवढं पोट पुढे आलेलं होतं तरी काठी टोचून उठवलं. म्हणाले, सूनबाई, घर आहे तुला झोपायला."

"मग? आहेच घर."

मुअत्तरला त्या घरात बरं वाटलं. किती दिवसांत कोणी तिला वाढलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गोदामात शिडीवर चढली आणि पत्र्याखाली, जिथे डोळा बसायचा तिथे, थर्मामीटर धरला. पारा साठीला टेकला. तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

खालून मलिक म्हणाला, "आपा, हे काहीच नाही. जुलै-ऑगस्टात या. अफगाण वारा सुटला की पत्र्यावर चपाती भाजते."

तिने तिथूनच अस्रोरला फोन लावला.

"साठ आहेत. आणि उन्हाळा अजून यायचाय. हे डोळे कापूस येईपर्यंत मेलेले असतील."

मग अस्रोर म्हणाला, "मेलेले नाही. झोपलेले. उठवता येतात ना?"

"येतात. थर एवढा पातळ आहे की नऊ व्होल्टची बॅटरी पुरे. टोकांना लावायची, चहा होईपर्यंत धरायची. मांडणी पुन्हा बसते."

"मग झालं तर! ऑगस्टच्या शेवटी बॅटरी घेऊन तूच जा. सगळ्या जिनांत फिर. पुढच्या वर्षी तुझा मॅग्नेशिया घालू, शब्द देतो. आता बसवून ये."

"मलिकला दाखवून ठेवते. तो करील."

"अजिबात नाही. जिनाच्या इलेक्ट्रिशियनने सील तोडायचं? उद्या तो म्हणेल, यांची यंत्रं उन्हात मरतात, बॅटरी लावून जिवंत करावी लागतात. मंत्रालयात पोचायला किती वेळ लागतो? मुअत्तर, तू जा. तू स्वतः."

तिने खाली बघितलं. मलिक स्क्रू दातांत धरून, मान वर करून तिच्याकडे बघत होता. एक वाक्य बोललं असतं तर पुरलं असतं. ती बोलली नाही. स्वतःच येणार आहोत तर कशाला, असं तिने मनाला समजावलं. डोळे बसवले, सील लावलं, खाली उतरली.

ऑगस्टच्या शेवटी दक्षिणेची गाडी ठरली होती. तेव्हाच सेऊलहून पाहुणे यायचं ठरलं आणि अस्रोरने तिला थांबवून घेतलं: थर चढवून दाखवायला दुसरं कोण आहे? मग सप्टेंबरात प्रदर्शनाची तयारी निघाली. दर आठवड्याला ती विचारायची, दर आठवड्याला तो म्हणायचा, "अगं, हे एवढं संपू दे." एकदा तिने मलिकला फोन लावलाही. त्याने आनंदाने मुलगी पावलं टाकायला लागल्याचं सांगितलं, ओयसाराही पुन्हा जिनात जायला लागल्याचं सांगितलं, कापूस यंदा चांगला असल्याचं सांगितलं. "डोळे कसे आहेत?" तिने विचारलं. "एकदम शांत, आपा. एकही खोटी घंटा नाही." झोपलेले डोळे शांतच असणार हे कळूनही ती "मी येतेच आहे पुढच्या आठवड्यात" एवढंच म्हणाली.

प्रदर्शनाच्या थंडगार दालनात ती पाहुण्यांपुढे मेणबत्ती पेटवून काटा उसळताना दाखवत होती. त्याच आठवड्यात शेराबादचं गोदाम जळलं.

गेन्नादीने तिला दालनाच्या मागच्या दारापाशी नेऊन सांगितलं. दुपारची जेवणाची सुट्टी होती. बहुतेक माणसं गावात एका लग्नाच्या जेवणाला गेलेली. रुई साफ करणाऱ्या यंत्रातून ठिणगी निघाली असावी. कापूस आधी आतल्या आत धुमसला, मग एका बाजूने पेटला. घंटा वाजली नाही. फवारे उघडले नाहीत. लोक धावत येईपर्यंत पत्रा वाकला होता. आत ओयसारा झोपलेली होती. एशमुराद बोवा घरून धावत गेले, आत शिरले, त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. सुनेपर्यंत पोचता आलं नाही.

मुअत्तर भिंतीला टेकली. पण रडायच्या आधी तिने गेन्नादीचा दंड धरला.

"गेना, बाकीच्या जिनांत आत्ता कापूस भरलेला आहे. आणि सगळे डोळे मेलेले आहेत. बॅटऱ्या घे, पोरांना घे, आत्ता नीघ. एकही जिन सोडू नको. मी शेराबादला जाते."

"अस्रोरला विचारू?"

"कोणालाही विचारू नको."

गेन्नादी त्याच संध्याकाळी निघाला. पुढच्या काही दिवसांत त्याने देशातला एकूण एक डोळा जागा केला.

शेराबादच्या त्या अंगणात बायका मोठ्याने रडत होत्या. मुअत्तर त्यांच्यात जाऊन बसली. तिला कोणी काही म्हटलं नाही, उलट कोणीतरी सरकून जागा दिली. मलिक घरी नव्हता. दफन झालं त्याच दिवशी त्याला पोलिसांनी नेलं होतं. डोळे त्याच्या ताब्यात, वायरिंग त्याचं. घंटा वाजली नाही तर जबाब कोण देणार?

बोवा मांडवाखाली बसले होते, दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांत. मुअत्तर जवळ गेली तेव्हा ते म्हणाले, "लेकी, पोराने वायर नीट लावली होती ना? तू तिथे होतीस."

"नीट लावली होती, बोवा. त्याची काही चूक नाही."

"हे तू त्यांना सांगशील?"

"सांगेन. सगळं खरं सांगेन. सोडतील त्याला."

म्हाताऱ्याने मान हलवली.

आगीतून एकच डोळा वाचला होता, पार टोकाच्या दारावरचा. पोलिसांनी तो काढून, पिशवीत मोहोरबंद करून ताश्कंदला पाठवला. चौकशी समितीसमोर त्याची तपासणी व्हायची होती, आणि ती संस्थेतच. असलं मोजमाप करायची सोय दुसरीकडे कुठे नव्हतीच. मुअत्तरने समितीपुढे सांगितलं: थर उन्हात झोपतो, झोपला की आग ओळखत नाही, हे मला माहीत होतं, विभागप्रमुखांनाही माहीत होतं. अस्रोर शांतपणे ऐकत बसला होता. त्याचा चेहरा उतरलेला होता, दाढी वाढलेली. त्यालाही झोप लागत नसावी.

"तर्क म्हणून ठीक आहे," तो म्हणाला. "मुअत्तर सोबिरोव्हनांचं म्हणणं खरं असेल तर हा डोळा आत्ता झोपलेला असायला हवा. बघू या. गेन्नादी, नेहमीच्या क्रमाने."

मुअत्तरच्या लक्षात आलं आणि ती ताडकन उभी राहिली.

"थांब गेना! आधी दिवा. आधी दिवा दाखव, वीज नंतर!"

गेन्नादीचा हात बटणावर थबकला.

सरकारी वकील, एक जाडसर, घामेजलेला माणूस, वैतागून म्हणाला, "हे आणि काय?"

"नेहमीच्या क्रमात आधी थराला वीज लावतात, एकदा सुलट, एकदा उलट. तशी लावली की झोपलेला थर उठतो. मग तो कधी झोपला होता की नाही, हे कोणालाच सांगता येणार नाही. आधी दिवा दाखवा, एवढंच म्हणतेय."

"नियमावलीत काय लिहिलंय?"

"आधी वीज, मग दिवा," अस्रोर म्हणाला. "नियमावली मुअत्तर सोबिरोव्हनांनीच लिहिलेली आहे."

वकिलाने तिच्याकडे वळून पाहिलं. "स्वतः लिहायचं आणि स्वतःच मोडायला सांगायचं?"

"ती भट्टीतून ताज्या आलेल्या थरासाठी लिहिली होती. उन्हाळा काढून आलेल्यासाठी नाही."

"बाई, उद्या कोर्टात मला विचारतील, तपासणी नियमाप्रमाणे केली का. मी काय सांगू? बाईंना त्या दिवशी उलटं करावंसं वाटलं?" अग्निशमन खात्याचा मेजर खुदकन हसला. "चला, करा नियमाप्रमाणे."

गेन्नादीने मुअत्तरकडे पाहिलं. मग अस्रोरकडे. मुअत्तरने पुढे होऊन वायर उपटायला हात घातला तेव्हा मेजरनेच तिचं मनगट धरलं, सभ्यपणे, पण घट्ट. गेन्नादीने बटण दाबलं.

पडद्यावर वक्र उमटला. दोन्ही बाजूंना भरलेला, टोकं बंद, कुठे गळती नाही. आयुष्यभर ज्याच्यासाठी ती राबली होती तसाच देखणा. नंतर दिवा लावला. काटा टोकाला जाऊन आदळला.

"उत्तम चालतोय की," मेजर म्हणाला. "म्हणजे घोळ वायरिंगचा."

"तुम्ही आत्ता त्याला उठवलंत!" मुअत्तरचा आवाज चिरकला. "तुमच्या डोळ्यांदेखत उठवलंत!"

"उन्हाने झोपतो, विजेने उठतो," वकील फाइल बांधत म्हणाला. "आमचे जावईबापू पण असेच आहेत."

लोक हसले. अस्रोर हसला नाही. तो खिडकीबाहेर बघत होता.

"दुसऱ्या जिनांत जा!" ती म्हणाली. "तिथले डोळे काढा, त्यांना आधी दिवा—" आणि बोलता बोलता थांबली. दुसऱ्या जिनांतले सगळे डोळे जागे होते. तिनेच जागे करवले होते. ती खुर्चीत बसली. मेजरने तिला पाणी दिलं.

नंतर कॉरिडॉरमध्ये गेन्नादी तिच्या मागे मागे आला. "मुअत्तर, मी दाबायला नको होतं."

"तू नसतं दाबलं तर दुसऱ्या कोणी दाबलं असतं."

"मग तेव्हा बॅटऱ्या घेऊन तरी जायला नको होतं. एखादं जिन सोडून दिलं असतं... पुरावा म्हणून."

"आणि तिथे कोणी झोपलं असतं तर?"

तिला गेन्नादीवर रागावता आलं नाही. रागावण्याजोगा एकच माणूस होता, त्याच्याकडे ती दुसऱ्या दिवशी गेली.

"तू ठरवून केलंस."

अस्रोरने दार लावून घेतलं. "हो. काय करायला हवं होतं? ही प्रयोगशाळा बंद, तू घरी, गेना घरी, मी आत. आणि गेलेली ती बाई परत आली असती?"

"मलिक आत गेला."

"दोन-तीन वर्षांत येईल. मी वकिलाशी बोललोय, जास्त ताणणार नाहीत."

"किती रे दयाळू तू."

"बोल, बोल. मला ऐकून घ्यायलाच हवं." त्याने डोळे चोळले. "आता तुझा मॅग्नेशियाचा थर सुरू करू. दुसरी आवृत्ती. तुला हवं होतं तेच."

"मी नाही करत. मी जाते."

"जा. मग जिनांत पहिलाच थर राहील, दर वर्षी झोपेल. बॅटऱ्या घेऊन कोण फिरणार? तुझ्याशिवाय मॅग्नेशियावर न गळणारा थर कोणाला चढवता येतो, सांग ना. माझ्यावर सूड घ्यायचा तर घे. पण तो माझ्यावर उगवणार नाही."

तो खरं बोलत होता. आयुष्यात कदाचित पहिल्यांदाच त्याचं बोलणं पुरतं खरं होतं, आणि तेच तिला सगळ्यात जास्त झोंबलं. ती उठली, तिच्या खोलीत गेली आणि पंप चालू केला.

कोर्टात तिने साक्ष दिली. न्यायाधीशांनी समितीचा अहवाल वाचला, तिची साक्ष ऐकून घेतली आणि मलिकला तीन वर्षांची शिक्षा दिली. तो तिच्याकडे बघून कसनुसा हसला. बायकोच्या मरणाला आपणच कारण झालो, हे तोवर त्याच्याही मनाने घेतलं होतं. तुझं काही चुकलं नाही, असं ओरडून सांगायला ती उठली तर शिपायाने तिला खाली बसवलं.

पुढचा उन्हाळा यायच्या आत दुसरी आवृत्ती तयार झाली. वर्तमानपत्रांत अस्रोरचा फोटो आला. पहिल्या आवृत्तीत काही दोष होता असं कोणीच कुठे म्हटलं नाही. नवी 'अधिक टिकाऊ' आहे, एवढंच. मुअत्तरने अट घातली होती की प्रत्येक जिनात ती स्वतः जाऊन डोळे बसवणार. शेराबाद तिने शेवटी ठेवलं.

गोदाम नवं बांधलं होतं, पत्रा तसाच. फाटकावर खुर्चीत एशमुराद बोवा बसले होते. आगीनंतर पहारेकरी पुन्हा ठेवले होते. त्यांच्या हातांची कातडी गुलाबी, ताणलेली झाली होती; बोटं पुरती मिटत नव्हती. त्यांनी तिचा पास घेतला, लांब धरून वाचला, जणू पहिल्यांदाच बघताहेत.

"कोणाकडे?"

"बोवा, मी मुअत्तर."

"इथे लिहिलंय. काम काय?"

"डोळे बदलायचे आहेत."

ते उठून तिच्यापुढे चालत गोदामात गेले. आत कापूस नव्हता, नुसती ऊब होती. तिने पेटी उघडली तसे ते वाकून बघायला लागले.

"हा नवा?"

"हो."

"हा उन्हात झोपतो?"

म्हणजे तिने कोर्टात सांगितलेलं कुणीतरी त्यांना नीट समजावून सांगितलं होतं.

"नाही, बोवा. पाणी उकळेल इतकं तापलं तरी नाही."

"म्हणजे असा बनवता येत होता."

"येत होता."

"कधी जमला तुम्हाला?"

खोटं बोलणं सोपं होतं. यंदाच, असं म्हटलं असतं तर म्हाताऱ्याला थोडा आराम पडला असता, कदाचित तिलाही.

"तुमच्याकडे राहायला आले होते ना," ती म्हणाली, "त्याच्या आधीच्या हिवाळ्यात."

बोवांनी भिंतीला लावलेली शिडी ओढून आणली.

"चढ. डुगडुगते ही. मी धरतो."

ती चढली. त्या न मिटणाऱ्या बोटांनी त्यांनी शिडी कशी धरली होती ते तिने वाकून बघितलं नाही. एकेक करून सगळे डोळे बसवले. दर वेळी ते शिडी पुढे नेत, ती चढे, ते धरत. शेवटी तिने प्रत्येकापुढे काडी ओढून दाखवली. प्रत्येक वेळी घंटा वाजली, आणि दर घंटेला म्हाताऱ्याचे खांदे दचकत होते.

काम संपलं तेव्हा ऊन ऐन भरात होतं. मलिकची मुलगी फाटकाजवळच्या सावलीत एका शेजारणीच्या मांडीवर बसून कलिंगड खात होती. मुअत्तर थबकली तशी बोवांनी मुलीला उचलून आपल्या खुर्चीमागे नेलं. शेराबादमध्ये दारात आलेल्या माणसाला चहा न विचारता कोणी परत पाठवत नाही, शत्रूलाही नाही. बोवांनी तिला चहा विचारला नाही. फाटक उघडलं, ती रस्त्यावर येईपर्यंत धरून ठेवलं आणि मग लावून घेतलं.